फुप्फुसाचं ऑपरेशन आणि रक्तस्राव: नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

छातीच्या वॉर्डात पेशंट निवांत झोपलेला असतो आणि घरचे सगळे खाटेखालच्या बाटलीकडे, म्हणजे छातीत घातलेल्या नळीतून रक्त-पाणी जिच्यात जमा होतं तिच्याकडे, टक लावून बसलेले असतात. लाल दिसलं की सिस्टरला हाक, लाल दिसेनासं झालं की सुटकेचा निःश्वास. या दोन्ही वेळा अंदाज चुकू शकतो, म्हणून ही प्रश्नोत्तरं. ऑपरेशनआधीचे प्रश्न वर घेतले आहेत, बाटलीचे त्यानंतर. औषधांच्या दिवसांचे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या पेशंटपुरता शेवटचा शब्द त्याच्या सर्जनचा आणि भूलतज्ज्ञाचा.

फुप्फुसाच्या ऑपरेशनमध्ये खूप रक्त जातं का?

ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये सहसा नाही. कॅन्सरसाठी फुप्फुसाचा एक भाग, म्हणजे लोब, काढताना १०० ते ३०० मिली रक्त जातं. दुर्बिणीतून केलं तर बरेचदा त्याहूनही कमी. रक्तदान शिबिरात आपण जी पिशवी देतो ती ३५० मिलीची असते, यावरून अंदाज करा. अशा कित्येक पेशंटना रक्ताची एकही पिशवी लागत नाही.

काही ऑपरेशनं मात्र मुळातच रक्ताळ. जुन्या टीबीने खराब झालेलं फुप्फुस, त्यातला फंगल बॉल म्हणजे बुरशीचा गोळा, पू होऊन छातीला चिकटलेलं फुप्फुस सोडवणं म्हणजे डीकॉर्टिकेशन, त्याच बाजूचं दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, रेडिएशननंतरचं ऑपरेशन. यातलं काही असेल तर सर्जनला सरळ विचारा, ‘किती रक्त जाईल असं वाटतं?’ प्रश्न रास्त आहे, आणि सर्जनने त्याचा हिशेब आधीच केलेला असतो.

एवढंच रक्त जातं, तर संमतीपत्रावर सही घेताना ‘जिवाला धोका’ असं का सांगतात?

कारण फुप्फुसाच्या शिरा वेगळ्या आहेत. शरीरातलं सगळं रक्त दर मिनिटाला फुप्फुसांतून जातं, बसल्या जागी साधारण ५ लिटर. ते नेणारी मुख्य धमनी कालव्यासारखी आहे: पाणी प्रचंड, दाब कमी. हातावर बीपी १२० असतं तेव्हा या धमनीत वरचा दाब जेमतेम २५ असतो.

कमी दाबाचा फायदा असा की शीर फाटली तरी बोटाने किंवा गोळा केलेल्या गॉजने हलकेच दाबलं की रक्त बहुतेक वेळा थांबतं. तोटा असा की या धमनीची भिंत पातळ आणि नाजूक असते, ओढली की फाटते. आणि मुळाशी फाटली तर दोन-तीन मिनिटांत लिटरभर रक्त जाऊ शकतं. हे क्वचित घडतं, पण सांगावं लागतं.

फुप्फुसाला रक्त पुरवणारी दुसरीही एक व्यवस्था आहे. महाधमनीतून निघणाऱ्या बारीक ब्राँकियल धमन्या श्वासनलिकांना रक्त देतात. त्यांच्यातून हृदयाच्या एकूण रक्तापैकी टक्का-दोन टक्केच जातं, पण दाब पूर्ण, हातावरच्या बीपीइतका. ऑपरेशन चालू असताना भीती मुख्य धमनीची असते; ऑपरेशननंतर परत आत जायची वेळ येते ती बरेचदा या बारीक धमन्यांमुळे, नाहीतर बरगड्यांमधल्या शिरांमुळे.

मोठी शीर फाटलीच, तर ओटीमध्ये नेमकं काय करतात?

पहिली गोष्ट: दाबतात आणि थांबतात. लांब चिमट्याच्या टोकाला गुंडाळलेला गॉज तयारच ठेवलेला असतो, तो फाटलेल्या जागेवर टेकवायचा आणि धरून ठेवायचं. घाईघाईत रक्ताच्या डबक्यात चिमटा लावायला गेलं तर भोक मोठं होतं, शेजारची शीरही जाते. म्हणून ती काही मिनिटं ओटी बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटावं इतकी शांत असते. सर्जन भूलतज्ज्ञाला सांगतो, सिस्टर दुसरं सक्शन लावते, रक्तपेढीला फोन जातो, मोठ्या सलाइनच्या सुया चालू आहेत ना ते पाहिलं जातं.

लहान भोक असेल तर एवढ्या दाबण्यानेच बंद होतं, वरून रक्त गोठवणारी पट्टी लावली की झालं. मोठं असेल तर आधी त्या धमनीला हृदयाच्या बाजूने वेढा घालून किंवा क्लॅम्प लावून प्रवाह थांबवतात. त्यासाठी कधीकधी हृदयाभोवतीचं आवरण उघडून आतून धमनी पकडावी लागते. मग केसासारख्या बारीक दोऱ्याने टाके. या सगळ्यात भूलतज्ज्ञ रक्त देतो, ते गरम करून देतो, मधूनमधून कॅल्शियम देतो. शरीर थंड पडलं की रक्त गोठेनासं होतं, आणि पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे रक्तातलं कॅल्शियम उतरतं. टाका कितीही चांगला घातला तरी गार पडलेल्या पेशंटचं रक्त थांबत नाही.

दुर्बिणीतून करणार म्हणाले होते. मग छाती का उघडली?

बहुधा रक्तासाठी किंवा चिकटलेल्या गाठींसाठी (लिम्फ नोड). शीर नीट दिसत नसेल, तिच्याभोवतीच्या गाठी जुन्या टीबीमुळे दगडासारख्या झाल्या असतील, तर शहाणा सर्जन शीर फाटायची वाट न बघता आधीच छाती उघडतो. जखम मोठी होते, दुखतं जास्त, घरी जायला दोन-चार दिवस उशीर होतो. पण यात ऑपरेशन बिघडलं असं काही नाही. उलट ‘काहीही झालं तरी दुर्बिणीतूनच करीन’ म्हणणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते.

शिरा बांधतात कशा? स्टेपलर म्हणजे काय?

१९३३ साली अमेरिकेत सेंट लुईस इथे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी अख्खं फुप्फुस एकाच बैठकीत काढलं, तेव्हा मुळाशी शिरा आणि श्वासनलिका एकत्र बांधून टाकल्या होत्या. पेशंट स्वतः डॉक्टर होता. तो वाचला आणि ग्रॅहम यांच्यानंतरही काही वर्षं जगला. आता प्रत्येक धमनी, प्रत्येक नीला, श्वासनलिका वेगवेगळी सुटी करून बंद करतात.

स्टेपलर हे लांब दांड्याचं उपकरण शिरेवर बसवून दाबलं की दोन्ही बाजूंना टायटेनियमच्या बारीक पिनांच्या दोन-तीन ओळी बसतात आणि मधून पातं जाऊन शीर कापली जाते. शिरेसाठी पिना बुटक्या, फुप्फुसासाठी उंच. चुकीचं काडतूस लावलं तर ओळीतून रक्त किंवा हवा गळते. काडतूस महाग असतं आणि एका ऑपरेशनला चार-पाच किंवा जास्तही लागतात. बिलात हा आकडा मोठा दिसतो तो यामुळे. पिना आत कायम राहतात, त्यांचा त्रास होत नाही.

बारीक शिरा विजेच्या उष्णतेने किंवा अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी बंद होतात. शेवटी, छाती बंद करायच्या आधी, गरम सलाइनने धुऊन, फुप्फुस फुगवून, पेशंटचं बीपी नेहमीच्या पातळीला आणून सगळीकडे पुन्हा पाहिलं जातं. भुलेत बीपी उतरलेलं असताना कोरडी दिसणारी जागा वर आल्यावर बीपी चढलं की गळू शकते. टाक्यांच्या जागा, बरगड्यांच्या खालच्या कडा, दुर्बिणीची छिद्रं, गाठी काढलेला खड्डा: यांतली एकही नजर चुकवायची नसते. हा भाग कंटाळवाणा आहे आणि पुढची रात्र कशी जाईल ते बरंचसं इथेच ठरतं.

टीबी बरा होऊन वर्षं झाली, आता फंगल बॉल निघालाय. ‘रक्त जास्त जाईल, आधी एंबोलायझेशन करू’ म्हणतात. का?

टीबीने फुप्फुसात पोकळी राहते, तिच्यात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढून गोळा होतो. शरीर त्या भागाशी वर्षानुवर्षं झगडत राहतं आणि त्या झगड्यात दोन गोष्टी होतात. एक, वर सांगितलेल्या बारीक ब्राँकियल धमन्या फुगून जाड, वेड्यावाकड्या होतात. दोन, फुप्फुस छातीच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि भिंतीतून, काखेतून, मानेच्या बाजूने नव्या शिरा त्यात शिरतात. सगळ्या पूर्ण दाबाच्या. फुप्फुस सोडवताना एक मोठी शीर फुटत नाही, शंभर ठिकाणी पाझरतं. ‘ऊझिंग’ हा शब्द ओटीबाहेर ऐकू आला तर तो याच्याबद्दल असतो. तिथे टाका कुठे घालणार? गरम मॉप दाबून धरायचे, एकेक ठिणगी मारत पुढे सरकायचं. अशी ऑपरेशनं सहा-सात तास चालतात आणि चार-पाच पिशव्या लागल्या तर त्यात आश्चर्य नाही.

एंबोलायझेशनमध्ये मांडीच्या धमनीतून बारीक नळी त्या फुगलेल्या धमन्यांपर्यंत नेऊन त्यात अतिसूक्ष्म कण सोडतात. खोकल्यातून पडणारं रक्त बहुतेकांचं त्या वेळी थांबतं. पण आत फंगल बॉल तसाच असेल तर नव्या शिरा वाट काढतात आणि काही आठवड्यांत, महिन्यांत रक्त परत पडतं. म्हणून ‘थांबलं ना, मग ऑपरेशन कशाला’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी उत्तर बरेचदा ‘थांबलंय तोवरच करून घ्या’ असं असतं. एंबोलायझेशनचा क्वचित पण गंभीर धोका म्हणजे मज्जारज्जूची धमनी त्याच फांदीतून निघालेली असणं. म्हणून डॉक्टर कण सोडण्याआधी डाय टाकून नीट बघतात.

ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि आज खोकल्यातून भरपूर रक्त पडलं. काय करू?

थांबू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा, किंवा जवळ असेल त्या आयसीयू असलेल्या रुग्णालयात जा. कोणत्या बाजूला आजार आहे हे माहीत असेल तर पेशंटला त्याच कुशीवर झोपवा: उजव्या फुप्फुसात असेल तर उजव्या. उलटं वाटतं, पण कारण आहे. अशा वेळी माणूस रक्त कमी होऊन जाण्याआधी चांगल्या फुप्फुसात रक्त उतरून गुदमरतो. श्वासनलिकांची एकूण पोकळी सुमारे १५० मिली, म्हणजे चहाच्या मोठ्या कपाएवढी. खराब बाजू खाली ठेवली की चांगली बाजू वाचते. रक्त गिळू देऊ नका, थुंकू द्या. पाण्याचे घोट पाजत बसू नका. थुंकलेलं भांड्यात ठेवलंत तर डॉक्टरांना किती गेलं ते कळतं.

ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घरात असतात अनेकांच्या. १९६० च्या दशकात जपानमधल्या ओकामोतो पती-पत्नींनी शोधलेलं हे चांगलं औषध आहे: झालेली गुठळी विरघळू देत नाही. चमचा-दोन चमचे रक्त पडणाऱ्याला डॉक्टर ते देतात. वाटीभर पडणाऱ्याने गोळी घेऊन घरी बसणं मात्र धोक्याचं.

बाबांना स्टेंट टाकलाय. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी बंद करायच्या?

स्वतःहून कधीच नाही. रक्तस्रावाच्या भीतीने घरच्या घरी गोळ्या थांबवल्या आणि स्टेंट बंद पडला, हे ऑपरेशनमधल्या रक्तस्रावापेक्षा वाईट. सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ तिघांनी मिळून ठरवायची ही गोष्ट आहे.

साधारण पद्धत अशी. अ‍ॅस्पिरिन एकटी असेल आणि स्टेंट असेल तर ती बहुधा चालूच ठेवतात. क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी थांबवतात, टिकाग्रेलोर ३ ते ५, प्रासुग्रेल ७. वॉरफेरिन ५ दिवस आधी आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) १.५ च्या खाली आला की ऑपरेशन. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या साधारण २ दिवस, किडनी कमजोर असेल तर जास्त. स्टेंट ताजा असेल तर ऑपरेशन पुढे ढकलता येईल का यावर वेगळी चर्चा होते. कॅन्सरमध्ये ते नेहमी शक्य नसतं.

घोळ होतो तो एका कॅप्सूलने. आपल्याकडे कोलेस्टेरॉलची गोळी, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असं तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये मिळतं. पेशंट सांगतो, ‘रक्त पातळ करायची गोळी बंद केली, फक्त कोलेस्टेरॉलची रात्री घेतो,’ आणि तीच ती असते. म्हणून यादी लिहून आणू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणा. गुडघेदुखीची गोळीही त्यात असू द्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन प्लेटलेट्सवर परिणाम करतात, पॅरासिटामॉल करत नाही.

हळद, लसूण, आलं बंद करायचं का?

जेवणातलं नाही. आमटी-भाजीतल्या लसणाने रक्तस्राव वाढत नाही. कॅप्सूलमधला लसणाचा अर्क, हळदीच्या गोळ्या, जिनसेंग, माशाचं तेल, ‘रक्तशुद्धी’चे काढे हे मात्र आठवडा-दोन आठवडे आधी थांबवा आणि घेत होता हे सांगा. कोणी रागावणार नाही.

हिमोग्लोबिन ८.५ आहे. बीट, खजूर देऊन वाढेल ना?

ऑपरेशनच्या तारखेआधी वाढणार नाही. लोह कमी असेल तर गोळ्यांना कित्येक आठवडे लागतात. हातात तीन-चार आठवडेच असतील तर शिरेतून लोह देता येतं. आधी कमी का झालंय ते बघायला हवं. खजूर द्या, त्यावर विसंबू नका.

रक्ताच्या पिशव्या किती लागतील? आईला माझंच रक्त द्या ना.

साध्या लोबसाठी बहुधा एक-दोन पिशव्या क्रॉसमॅच करून, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळतात का ते तपासून, राखून ठेवतात, वापरतातच असं नाही. टीबी-फंगल बॉलसाठी चार किंवा जास्त. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं. हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली जात नाही आणि पेशंट स्थिर आहे तोवर ऑपरेशननंतर सहसा रक्त देत नाहीत. ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा’ हा आग्रह धरू नका. दुसऱ्याचं रक्त फुकटचं टॉनिक नसतं.

स्वतःचंच रक्त द्यायची इच्छा मी समजू शकतो, पण जवळच्या रक्ताच्या नात्यातलं रक्त थेट देणं डॉक्टर टाळतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, तिथेच तग धरतात आणि क्वचित तिच्यावरच उलटतात. देण्याची वेळच आली तर ते रक्त किरणोत्सर्गाने प्रक्रिया करून देतात. तुम्ही रक्तपेढीत दान करा, आईला तपासलेली दुसरी पिशवी मिळेल. दात्याचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांना दोन दानांत ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं. पैसे घेऊन रक्त देणारे भारतात १९९८ पासून बेकायदा आहेत. रुग्णालयाबाहेर कोणी ‘दाता मिळवून देतो’ म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

गटाबद्दल एक खास मुंबईची गोष्ट. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत असा रक्तगट शोधला जो वरवर तपासला तर ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’चं रक्तही त्याला चालत नाही. तोच बॉम्बे गट. आपल्याकडे साधारण १०,००० लोकांत एकाचा. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. कोणाच्या कार्डावर ‘ओ’ लिहिलंय आणि क्रॉसमॅच मात्र एकाही ‘ओ’ पिशवीशी जुळत नाही असं झालं तर रक्तपेढीला हाच संशय येतो. घरात कोणाचा हा गट निघाला असेल तर ऑपरेशनची तारीख घेताना पहिलं तेच सांगा, आदल्या दिवशी नको. दाते शोधायला वेळ लागतो.

बाटली अर्धी लालभडक भरली आहे! एवढं रक्त गेलं?

आधी बाटलीवरची पट्टी बघा. बाटलीत सुरुवातीलाच पाणी किंवा सलाइन घातलेलं असतं, नळीचं टोक त्यात बुडावं म्हणून. बाहेरची हवा छातीत शिरू नये यासाठी ती सोय आहे. सिस्टर त्या पातळीवर चिकटपट्टी लावून तारीख-वेळ लिहितात. खरं आलेलं म्हणजे त्या खुणेच्या वरचं. शंभर मिली रक्तसुद्धा ते सगळं पाणी लाल करतं.

लोब काढल्यावर पहिल्या २४ तासांत २०० ते ५०० मिली येणं नेहमीचं आहे, डीकॉर्टिकेशननंतर त्याहून जास्त. रंग पहिल्या दिवशी लाल, मग सरबतासारखा गुलाबी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळट. पेशंट पहिल्यांदा उठून बसला किंवा कूस बदलली की साठलेलं १००-१५० मिली काळपट एकदम येतं आणि थांबतं. ते बघून बहुतेक घरचे घाबरतात. ते जुनं साठलेलं असतं.

डॉक्टर एकूण आकड्यापेक्षा वेग बघतात. दर तासाची नोंद त्यासाठीच. तासाला २०० मिली असं सलग दोन-चार तास येत राहिलं, किंवा थोड्या वेळात लिटरभर आलं, तर परत ओटी. मधला प्रकार असेल तर हिमोग्लोबिन पुन्हा करतात, एक्सरे काढतात, रक्त गोठण्याच्या तपासण्या करतात. कधी बाटलीतल्या द्रवाचाच हिमॅटोक्रिट, म्हणजे तांबड्या पेशींचं प्रमाण, तपासतात: तो पेशंटच्या रक्ताच्या निम्म्याहून जास्त निघाला तर ते लाल पाणी नाही, रक्तच.

तुम्ही मदत करू शकता ती अशी: बाटली कायम छातीच्या खाली, जमिनीलगत. नळीला पीळ नको, ती पेशंटच्या अंगाखाली नको. स्वतः क्लॅम्प लावू नका, नळी पिळून ‘मोकळी’ करायला जाऊ नका. आणि नजर बाटलीवरून उचलून पेशंटकडे वळवा.

सकाळपासून बाटलीत काहीच वाढलं नाही. रक्त थांबलं म्हणायचं?

पेशंट ठणठणीत असेल तर हो. हात-पाय गरम, नाडी शांत, लघवी नीट होतेय, श्वास हलका, बोलतोय, चहा मागतोय: मग थांबलंय.

पण रात्रभर येत असलेलं एकदम थांबलं आणि पेशंट गार पडलाय, घाम फुटलाय, नाडी १२० च्या पुढे, बेचैन आहे, तर नळी गुठळीने बंद झालेली असू शकते. रक्त आतच साठतं आणि बाटली स्वच्छ दिसते. नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली हलतंय का ते बघा. हलणं बंद झालं असेल तर एकतर फुप्फुस पूर्ण फुगलंय किंवा नळी बंद आहे, आणि यातलं कोणतं ते एक्सरे किंवा सोनोग्राफी सांगेल. अशी शंका आली तर राउंडची वाट न बघता सिस्टरला लगेच सांगा. ‘उगाच बोलावलं’ असं कोणी म्हणालं तरी चालेल. रात्री अडीच वाजता काळजी करण्यासारखी गोष्ट आहे ती ही. भरत चाललेली बाटली सगळ्यांनाच दिसते.

परत ओटीत न्यायचं म्हणतात. म्हणजे पहिल्या वेळी चूक झाली?

तसं समजू नका. रक्तस्रावासाठी पुन्हा आत जावं लागणं साधारण १०० पेशंटमागे एक ते तिघांना होतं, चांगल्या केंद्रांतही. आत बघितल्यावर कधी बरगडीची शीर सापडते, कधी ब्राँकियल धमनी, कधी चिकटलेल्या जागेचा पाझर. आणि बरेचदा नेमकं काहीच सापडत नाही. गुठळ्या काढून धुतलं, फुप्फुस फुगवलं की थांबतं, कारण साठलेलं रक्त फुप्फुसाला फुगू देत नाही आणि फुगलेलं फुप्फुस स्वतःच भिंतीवर दाब देऊन पाझर बंद करतं. सहीसाठी काका पुण्याहून यायची वाट बघत तीन तास घालवू नका. या ऑपरेशनमध्ये उशीर हाच मोठा धोका आहे.

रक्त थांबवायचं म्हणता आणि पोटाला रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता?

हो, दोन्ही खरं आहे. मोठं ऑपरेशन, कॅन्सर, अंथरुणावर पडून राहणं यामुळे पायाच्या शिरांत गुठळी होते आणि ती उरलेल्या फुप्फुसात जाऊन अडकली तर जीव जाऊ शकतो. म्हणून बाटलीचा वेग उतरला की हेपारिनसारखं इंजेक्शन छोट्या मात्रेत सुरू करतात. पाठीत दुखण्याच्या औषधाची एपिड्युरल नळी असेल तर इंजेक्शनच्या आणि नळी काढण्याच्या वेळेत ठराविक तास सोडावे लागतात. सिस्टर घड्याळ बघून ‘आता नाही, रात्री’ म्हणतात ते यामुळे. पेशंटला चालवणं हेही त्याच उपचाराचा भाग आहे.

छातीत गुठळी राहिलीय, काढायला हवी म्हणतात. आपोआप विरघळणार नाही?

थोडी असेल तर विरघळते. अर्धा लिटरच्या आसपास किंवा जास्त असेल तर तिच्यात पू होऊ शकतो, नाहीतर तिचं कडक कवच होऊन फुप्फुस त्यात अडकतं. पहिल्या आठवड्याच्या आत दुर्बिणीतून साफ करणं सोपं. महिन्याने तेच डीकॉर्टिकेशन होऊन बसतं.

अख्खं फुप्फुस काढलंय आणि बाटलीला सक्शन लावलेलं नाही. विसरले का?

नाही. त्या रिकाम्या बाजूला सक्शन लावलं तर हृदय तिकडे ओढलं जाऊन बीपी कोसळतं. काही सर्जन नळी बंद ठेवून ठरावीक वेळाने थोडी उघडतात, काही ठेवतच नाहीत. ती जागा हळूहळू द्रवाने भरणं अपेक्षितच आहे. म्हणून या पेशंटमध्ये रक्तस्राव ओळखायला बाटलीचा उपयोग कमी; बीपी, नाडी, लघवी आणि एक्सरे यांवरच भिस्त.

घरी गेल्यावर काय चालेल आणि कशाला धावत यायचं?

थुंकीत काळपट रेघ आठ-दहा दिवस दिसू शकते. जखमेभोवतीचा जांभळा डाग खाली कमरेपर्यंत उतरतो, तोही चालतो.

लालभडक ताजं रक्त चमचाभर जरी पडलं तरी त्याच दिवशी फोन करा, जास्त पडलं तर थेट इमर्जन्सी. अख्खं फुप्फुस किंवा लोब काढलेल्या पेशंटला आडवं झाल्यावर अचानक खारट, तांबूस पाणी भरपूर खोकल्यातून येऊ लागलं तर श्वासनलिकेचा टाका उघडलेला असू शकतो. ऑपरेशनच्या बाजूच्या कुशीवर, डोकं उंच ठेवून तसंच रुग्णालयात आणा. दम वाढणं, उभं राहिल्यावर अंधारी, छातीत एका बाजूला जडपणा वाढत जाणं हेही थांबण्यासारखं नाही. स्टेंटच्या किंवा हृदयाच्या गोळ्या कोणत्या दिवशी पुन्हा सुरू करायच्या ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

नळी काढलेल्या जागेतून पट्टी भिजतेय.

लालसर पाणी असेल तर पहिले दोन दिवस भिजते. स्वच्छ गॉज बदला, पेशंटला त्या कुशीवर झोपवू नका, टाका तसाच राहू द्या. पट्टी तासातासाला रक्ताने चिंब होत असेल, पाण्याला वास येत असेल, किंवा श्वास घेताना तिथून हवेचा फसफस आवाज येत असेल तर पट्टी दाबून धरा आणि या.